भरवायचं ते तळ्याला

रेडक्लॉच्या पिल्लाला सुरुवातीचे काही दिवस आपण काहीही खायला घालायचं नसतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या शेतावर नवीन असताना हे ऐकलं, तेव्हा मला ते आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटलं. कोळंबीच्या हॅचरीतून आलेल्या कुणालाही तसंच वाटलं असतं, कारण तिथे दिवसरात्र एकच उद्योग असतो: भरवणं.

मी रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आणि मग कोकणातल्याच एका जंबो कोळंबीच्या हॅचरीत नोकरीला लागले. ही कोळंबी मोठी होते गोड्या पाण्यात, पण तिच्या अळ्या जगतात निमखाऱ्या पाण्यात, समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारेपणात. मादी अळ्या सोडून मोकळी होते. पुढचे तीन ते पाच आठवडे त्या अळ्या शेपटी वर, डोकं खाली अशा उलट्या तरंगत अकरा अवस्थांमधून जातात, तेव्हा कुठे त्यांना कोळंबीचं रूप येतं. या काळात त्या खाण्याच्या मागे धावत नाहीत. तोंडाशी आलं तर धरायचं, नाही आलं तर उपाशी. म्हणून टाकीभर सतत खाणं तरंगत ठेवावं लागतं. आदल्या दिवशी आर्टेमिया या बारीक जलचराची अंडी खाऱ्या पाण्यात, उजेडात, खालून हवा सोडून ठेवायची. चोवीस तासांनी नारिंगी पिल्लं फुटली की टरफलं वेगळी काढायची, पिल्लं गाळायची, धुवायची आणि लगेच टाक्यांत सोडायची. उशीर झाला की त्यांच्या अंगातला बलक संपत जातो आणि त्यांचं खाणं म्हणून मोल उतरतं. अळ्या जरा मोठ्या झाल्या की अंडी, दूध पावडर आणि शिंपल्याचं मांस मिक्सरमधून काढून वाफवायचं आणि अळीच्या वयाप्रमाणे बारीक-जाड चाळणीतून पाण्याच्या धारेखाली दाबून काढायचं. त्याला आम्ही कस्टर्ड म्हणायचो. घालून झालं की तासाभराने तळाशी बसलेलं सायफनने ओढून काढायचं, नाहीतर पाणी नासतं. आर्टेमियाचा डबा यायचा अमेरिकेतून, युटाच्या खाऱ्या सरोवरातला. त्याची किंमत ऐकल्यावर नवीन मुलं चमचा सपाट भरायला आपोआप शिकायची.

या शाळेतून मी थेट अ‍ॅथर्टनच्या पठारावर येऊन पडले. नवऱ्याची नोकरी मरीबाला. केर्न्सच्या किनाऱ्यावरून घाट चढून वर आलं की पाऊस कमी होत जातो, झाडी विरळ होते आणि आंबा, ऊस, अ‍ॅव्होकॅडोची शेतं लागतात. टिनारू धरणाचं पाणी कालव्यांनी सगळीकडे फिरवलेलं आहे. एके काळी हा सगळा तंबाखूचा मुलूख. इटलीहून आलेल्या कुटुंबांनी इथे तंबाखू पिकवला, पुढे तो धंदा बसला आणि ज्याने त्याने दुसरं काही धरलं. मी काम करते त्या शेताच्या मालकांचे वडील तंबाखूवाले, हे रेडक्लॉवाले. तंबाखू वाळवायच्या जुन्या कोठीत आता खाद्याच्या गोणी आणि जाळ्या ठेवलेल्या असतात. इथे लहानथोर एकमेकांना नावाने हाक मारतात. सत्तरीच्या माणसाला नुसतं नावाने बोलावणं माझ्या जिभेला जमेना, म्हणून मी ‘बॉस’ म्हणू लागले. त्यांनाही ते आवडलं असावं.

रेडक्लॉ म्हणजे गोड्या पाण्यातला क्रेफिश. आपल्याकडच्या शेवंडीची आठवण यावी असा बांधा, पण याला पुढे दोन दणकट नांग्या. रंग निळसर हिरवा. मोठ्या झालेल्या नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला एक मऊ लाल पट्टा येतो, त्यावरून हे नाव. मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या, कार्पेंटेरियाच्या आखाताकडे वाहणाऱ्या नद्यांमधला आणि पापुआ न्यू गिनीच्या दक्षिणेकडचा. या नद्या उन्हाळी पावसात दुथडी वाहतात आणि मग आटत आटत डबक्यांवर येतात. अशा ठिकाणी टिकायचं तर जे मिळेल ते खावं लागतं, थोड्या प्राणवायूवर भागवावं लागतं आणि वेळ पडली तर पाण्याबाहेर चालत दुसरं डबकं गाठावं लागतं. रेडक्लॉ हे सगळं करतो. शेवटच्या कामासाठी तर आमच्या प्रत्येक तळ्याभोवती गुळगुळीत पत्र्याची बुटकी भिंत आहे, नाहीतर पावसाळी रात्री निम्मं तळं शेजारच्या आंब्याखाली फिरायला जाईल.

पिल्लांच्या बाबतीत मात्र हा प्राणी कोळंबीच्या अगदी उलट. पोहणारी अळी नाही, खारं पाणी नाही, अकरा अवस्था नाहीत. मादी काहीशे अंडी शेपटीखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटवून घेते आणि शेपटी आत दुमडून हिंडते. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर सहा आठवडे, गार असेल तर अधिक. शेपटी हलकेच उलगडून रंग बघितला की किती दिवस झाले ते कळतं. सुरुवातीला शेवाळी हिरवट, मग तपकिरी, शेवटी नारिंगी-तांबूस आणि त्यात डोळ्यांचे काळे ठिपके. बॉस एका हाताने मादी पालथी धरून, चष्मा कपाळावर सरकवून नुसत्या नजरेने सांगतात, ही पुढच्या आठवड्यात, ही अजून महिनाभर. मी सुरुवातीला वहीत लिहून ताडून बघायचे. मग वही बंद केली.

अंड्यातून निघतं ते अपुरं का होईना, पण क्रेफिशच असतं. ते आईलाच चिकटून राहतं. पाठीवर बलकाची पिवळी गाठ असते, तीच त्याची शिदोरी. एक-दोनदा कात टाकली की त्याला पूर्ण आकार येतो, मग ते आईच्या अंगावरून उतरतं, इकडेतिकडे करतं, जरा काही हललं की परत शेपटीखाली शिरतं. या दिवसांत बाहेरचं खाद्य टाकलं तर ते फक्त कुजतं. आई पोट भरायला फिरते, पिल्लं तिच्यासोबत फिरतात, आणि आपण हात बांधून बसायचं. माझ्यासाठी या कामातला सगळ्यात अवघड भाग तोच होता. सवयीने सकाळी सहाला जाग यायची आणि चाळणी शोधायला हात जायचा.

आईला सोडून आलेलं पिल्लू एक सेंटिमीटरच्या आसपास असतं, वजन साधारण 0.02 ग्रॅम. असं एक पिल्लू मी काचेच्या बशीत तळ्याच्या पाण्यात घेतलं, सोबत तळ्यातलाच एक कुजकट पानाचा तुकडा टाकला आणि भिंगाखाली बघत बसले. मोठ्या नांग्यांच्या मागे चालायच्या पायांच्या ज्या जोड्या असतात, त्यातल्या पहिल्या दोन जोड्यांनाही टोकाला बारीक चिमटे असतात. पिल्लू त्या पानावर चढलं आणि ते चार चिमटे आळीपाळीने चालू झाले: टोचायचं, उचलायचं, तोंडाशी न्यायचं, तोवर दुसरा पाय टोचतोय. पान ते खात नव्हतंच. पानावरचा बुळबुळीत थर खरवडत होतं. शेवाळ, जिवाणू, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म जीव, सगळं त्या थरात असतं. मध्येच एक डॅफ्निया, पाण्यातला टिपक्याएवढा जीव, गिरक्या घेत जवळून गेली. पिल्लाने पुढच्या बारीक मिशा झटकल्या, वास घेतला असणार, आणि एका पायाने तिला सहज टिपलं. मोठ्या नांग्या या सगळ्यात नुसत्या मिरवायला पुढे धरलेल्या. पानाचा तो तुकडा तासाभराने बघितला तेव्हा एका बाजूने स्वच्छ झाला होता, शिरा दिसायला लागल्या होत्या.

त्या दिवसानंतर बॉसचं म्हणणं पटायला लागलं. त्यांच्याकडे सांगायला फार शब्द नाहीत. पिल्लांच्या तळ्याविषयी विचारलं की ते म्हणायचे, आधी पाण्याला जेवू घाल. मोठा रेडक्लॉ जवळजवळ कुजक्यामुजक्यावर निभावून नेतो, धान्याच्या गोळ्या टाकल्या तरी चालतं, प्रथिनं पंचवीस टक्क्यांच्या आसपास असली तरी वाढतो. पिल्लाला त्याहून बरीच जास्त प्रथिनं लागतात, आणि ती त्याला गोळीतून नव्हे तर जिवंत प्लवंगातून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून हवी असतात. आमच्या शेताच्या जवळच वॉकमिनला क्वीन्सलँड सरकारचं संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. क्लाइव्ह जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडक्लॉवर वर्षानुवर्षं काम केलं. पिल्लांची तळी खत आणि गवत घालून कशी पिकवायची, लपायला काय द्यायचं, माल कसा काढायचा, ही आज इथल्या शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली पद्धत बरीचशी त्या कामातून आलेली आहे.

तळं पिकवणं हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण ते शेतीसारखंच आहे. आमचं पिल्लांचं एकेक तळं सुमारे हजार चौरस मीटरचं, म्हणजे आपले दहा गुंठे. आधीचा माल निघाला की तळं कोरडं करून भेगा पडेपर्यंत उन्हात टाकायचं. मग चुना मारायचा. पाणी भरताना नळाच्या तोंडाला बारीक जाळीची लांब पिशवी बांधायची, कारण कालव्याच्या पाण्यातून माशांची अंडी आणि वामची पिल्लं आत आली की पुढे रडायची वेळ येते. पाणी भरलं की थोडं डीएपी विरघळवून सोडायचं आणि कडेकडेने लसूणघासाच्या वाळलेल्या गवताच्या पेंढ्या सोडवून टाकायच्या. इथे लसूणघास गुरांसाठी पिकतो, ज्या गठ्ठ्यांना पाऊस लागून बुरशी आलेली असते ते स्वस्तात मिळतात, आणि आमच्या कामाला बुरशी आलेलेच बरे.

डीएपीने आधी वनस्पतिप्लवंग वाढतं, पाणी हिरवं होतं. गवत कुजायला लागतं, त्यावर जिवाणू आणि बुरशी माजतात. हे दोन्ही खायला रोटिफर, डॅफ्निया, कोपेपॉड असे सूक्ष्म जीव येतात. पाण्याला पाणी म्हणणं अवघड व्हावं इतके येतात. मी संध्याकाळी काचेच्या ग्लासात पाणी भरून मावळतीच्या उजेडासमोर धरते. त्यात रवा नाचतो आहे असं दिसलं पाहिजे. नुसतंच हिरवं आणि ग्लासात काही हलत नसेल, तर अजून थांबायचं. पाणी किती दाट ते मोजायची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोरीने खाली सोडून बघायची. ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. त्याच्या आधीच नाहीशी झाली तर पाणी फार दाट आहे, आणि दाट पाणी पहाटे दगा देतं.

थांबायचं म्हणजे किती, यावर मात्र आमच्यात वाद व्हायचे. बॉसना घाई. माझं म्हणणं, रवा नाचू दे. पण फार थांबूनही चालत नाही, आणि इथे त्यांचाच अनुभव खरा. पाणी भरून पडलं की चतुर येतात. हवेत दिसायला किती सुरेख, पण त्यांची पाण्यातली अळी म्हणजे आमच्या पिल्लांचा काळ. ती तळाशी दबा धरून बसते आणि तोंडाखालचा दुमडलेला आकडा फटकन बाहेर काढून पिल्लू ओढून घेते. पिल्लं वाढायच्या आधी या अळ्या वाढल्या तर सगळं पिकवलेलं प्लवंग आणि वर पिल्लं, दोन्ही त्यांच्याच पोटात. म्हणून पाणी भरल्यापासून दोनेक आठवड्यांच्या आत अंडीवाल्या माद्या तळ्यात गेल्या पाहिजेत. माद्या आम्ही जाळीच्या पेट्यांत ठेवतो. पिल्लं भोकांतून बाहेर पडतात, आया आत राहतात आणि काम झालं की परत नेता येतात.

एवढं झाल्यावर गोळ्या-भुकटीचं खाद्य येतं. प्लवंग भरपूर असलेल्या तळ्यात पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. खाल्लं जातंय का ते बघायला पाण्यात ठेवलेला चेक ट्रे वर काढला की टाकलेलं तसंच. पण पिल्लं वाढतात, खाणारी तोंडं तीच असली तरी पोटं मोठी होतात, आणि एक दिवस ग्लासातला रवा विरळ होतो. तो दिवस पकडायचा असतो. तिथून गवताची नवी पेंढी आणि बारीक भरड खाद्य, दोन्ही सुरू. रेडक्लॉ निशाचर, त्यामुळे खाद्य घालायची वेळ संध्याकाळची. मी बादली घेऊन काठाने फिरते आणि मुठी लांबवर फेकत जाते, मग बोटीतून मधोमध. सगळीकडे पडलं पाहिजे. एका कोपऱ्यात ढीग पडला तर दांडगी पिल्लं तिथे ठाण मांडतात आणि किरकोळ पिल्लं उपाशी राहतात. हे प्राणी खातात सावकाश, कुरतडत. मासा गिळतो तसं नाही. त्यामुळे जे खाद्य पाण्यात काही मिनिटांत विरघळतं ते त्यांच्यासाठी खाद्यच नव्हे, खत आहे. स्वस्त म्हणून आणलेल्या कोंबडीखाद्याच्या गोणीचं आमच्याकडे तसंच झालं. बॉस म्हणाले, चला, खत तर खत, आणि उरलेली गोणी दुसऱ्या तळ्यात प्लवंगासाठी वापरून टाकली.

डिसेंबर ते मार्च हा इथला पावसाळा. हवा गरम, आभाळ भरलेलं, दोन-दोन दिवस ऊन नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळं प्राणवायू तयार करत नाही, पण रात्री घेतात मात्र सगळेच: शेवाळं, प्लवंग, कुजणारं गवत, पिल्लं. पहाटे चार-साडेचारला पाण्यातला प्राणवायू सर्वात खाली असतो. अशा दिवसांत खाद्य कमी करायचं, गवत तर अजिबात नाही, आणि हवेचे पंप रात्रभर चालू. टॉर्च घेऊन काठाने गेलं की संकट डोळ्यांनी दिसतं. पिल्लं पाण्याच्या कडेला, काडीवर, दोरीवर, जिथे जागा मिळेल तिथे चढून अर्धी बाहेर आलेली असतात. माझ्या कोकणातल्या पावसाळ्याने मला ओलं व्हायला शिकवलं होतं, पण पाऊस पडत असताना पाण्यातल्या प्राण्याचा जीव गुदमरतो हे मी टाक्यांच्या हॅचरीत कधी बघितलं नव्हतं. टाकीवर छप्पर असतं, आणि खालून हवा चोवीस तास.

पोट भरलेलं पिल्लू कात टाकतं. लहानपणी तर फार लवकर-लवकर. कवच पाठीवर फाटतं, पिल्लू मागे सरकत बाहेर निघतं आणि मग काही तास ते नुसतं मऊ मांस असतं. त्या वेळी त्याचे सख्खे भाऊबहीणच त्याला खातात. याला उपाय खाणं आणि घर. पोट भरलेलं असेल तर शेजाऱ्याच्या वाटेला कमी जातात, आणि मऊ पिल्लाला शिरायला फट असेल तर ते वाचतं. त्यासाठी कांद्याच्या जाळीच्या गोण्या. चार-पाच गोण्या मध्ये बांधायच्या, खालच्या बाजूला वजन, वरच्या बाजूला तरंगायला बाटली, की पाण्यात त्याचं झुडूप उभं राहतं. त्या घड्यांमध्ये शेकडो पिल्लं मावतात. शिवाय जाळीवर तोच बुळबुळीत थर धरतो, म्हणजे घरातच जेवण. एक झुडूप बादलीत झटकलं तर बादलीचा तळ हलायला लागतो. महागड्या प्लास्टिकच्या निवाऱ्यांच्या जाहिराती येत असतात. मला या गोण्यांपुढे त्यातलं काहीच चांगलं वाटलेलं नाही.

कवचाचा आणखी एक हिशेब आहे. कात टाकायच्या आधी क्रेफिश जुन्या कवचातलं कॅल्शियम काढून घेतो आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपात साठवतो. कात टाकली की त्या विरघळतात आणि आधी तोंडाचे नि जठरातले दात टणक होतात, म्हणजे खायला सुरुवात करता येते. बाकीचं कॅल्शियम पाण्यातून आणि टाकलेली कात खाऊन. काठाशी पडलेली काचेसारखी पारदर्शक कवचं बघून एका पाहुणीने विचारलं होतं, हा कचरा काढत का नाही? तो कचरा नाही, उद्याची न्याहारी आहे. तळ्याला चुना मारायचा तो याच्यासाठीही.

जून-जुलैत पठारावर गारठा पडतो. तळ्याचं पाणी वीस अंशांखाली गेलं की रेडक्लॉचं खाणं मंदावतं आणि कात टाकणंही थांबल्यात जमा. त्या दिवसांत उन्हाळ्याच्या हिशेबाने खाद्य टाकत राहणं म्हणजे पैसे बुडवणं. त्यामुळे आम्ही पिल्लांचं तळं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतो, म्हणजे तीन-चार महिन्यांत, थंडीच्या फार आधी, पाच ते पंधरा ग्रॅमची पिल्लं हाती येतात. 0.02 ग्रॅमवरून दहा ग्रॅम म्हणजे पाचशे पट. ही वाढ बहुतेक गवत, डीएपी आणि उन्हावर झालेली असते. गोणीतल्या खाद्याचा वाटा त्यात असतो, पण खर्चाच्या वहीत तो जितका दिसतो तितका नाही.

माल काढायची रीत बघायला मात्र लोक दुरून येतात. रेडक्लॉची खोड अशी, की वाहतं पाणी लागलं की तो प्रवाहाच्या उलट चालत निघतो. मूळच्या नद्यांत पहिला पूर आला की वर सरकायचं, ती सवय. संध्याकाळी तळ्याचं पाणी हळूहळू सोडायला लागायचं. काठावर एक पेटी ठेवायची, पेटीपासून तळ्याच्या तळापर्यंत उतरती घसरगुंडी लावायची आणि पंपाने स्वच्छ पाण्याची धार पेटीतून घसरगुंडीवर सोडायची. रात्र पडली की सगळं तळं त्या धारेच्या रोखाने चालायला लागतं. एकमेकांच्या अंगावरून चढत, घसरत, पुन्हा चढत ती वर येतात आणि पेटीत टपाटप पडतात. जाळं ओढायला नको, चिखलात उतरायला नको, कुणाची नांगी मोडत नाही. सकाळी पेटी भरलेली.

मग निवड. मोठी एका टबात, मधली दुसऱ्यात, बारकी तिसऱ्यात. खाणं कसं घातलं गेलं याचा निकाल या टबांमध्ये लागतो. बारक्यांचा टब भरला तर समजायचं की तळ्याच्या कुठल्यातरी भागात खाणं पोचलं नाही, किंवा मधल्या काळात रवा संपला आणि आपल्याला उशिरा कळलं. मोठी मोजकीच आणि फार मोठी निघाली तर त्यांनी बाकीच्यांवर ताव मारलेला असतो. बॉस टबांकडे बघून आकडा न विचारता मान हलवतात. त्यांची मान कुठल्या दिशेने हलते यावर आमचा दिवस ठरतो. इथून पुढे ही पिल्लं वाढीच्या तळ्यांत जातात, चौरस मीटरला पाच ते दहा, आणि पन्नास ते शंभर ग्रॅमची झाली की बाजारात. तो भाग मला तेवढा रंजक वाटत नाही. गोळ्या टाकायच्या, पक्ष्यांची जाळी शाबूत आहे का बघायचं, पाणकावळे आणि पाणउंदीर हाकलायचे.

परवा कॉलेजच्या एका मित्राचा फोन आला. पालघरकडे त्याची जंबो कोळंबीची तळी आहेत. त्याला कुठूनतरी व्हिडिओ मिळाला होता आणि त्याचं म्हणणं, येताना चार जोड्या घेऊन ये, कोण बघतंय. मी त्याला सरळ नाही म्हटलं. परदेशी जलचर सरकारी परवानगीशिवाय आपल्याकडे आणता येत नाहीत, आणि या प्राण्याच्या बाबतीत तो नियम योग्यच आहे. पत्र्याची भिंत नसेल तर हा चालत सुटतो, जिथे सुटला तिथे राहिला. सिंगापूर, जमैका, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, झांबियाची काफुए नदी, सगळीकडे आता तो घर करून आहे. खुद्द ऑस्ट्रेलियात पश्चिमेकडच्या कुनुनुरा तलावात तो माणसानेच नेऊन सोडला, आणि आमच्या उशाच्या टिनारू धरणातलाही मूळचा तिथला नाही. आपल्या ओढ्यांत मुठे आहेत, ते पुरे.

मित्र थोडा हिरमुसला. मग मुद्द्यावर आला. हॅचरीतून आणलेलं बीज नर्सरीच्या तळ्यात सोडल्यावर त्याचं निम्मं खाद्य वाया जातंय, पाणी बिघडतंय. मी म्हटलं, बीज यायच्या आधी तळं सुकव, चुना मार, मग शेण आणि रात्रभर भिजवलेली शेंगदाण्याची पेंड थोडी थोडी टाक, आठ-दहा दिवस पाण्याला जेवू घाल. ग्लास उजेडात धर आणि आत काही नाचतंय का बघ. पालघरला नारळाच्या झावळ्यांना काय तोटा, त्या बांधून उभ्या कर, बीज त्यांच्यात लपेल आणि त्यांच्यावरचंच खाईल. आभाळ भरलं की हात आखडता घे.

तो लिहून घेत होता. पेंडीचा भाव किती झालाय ते त्याने मलाच ऐकवलं. मग विचारलं, ती सेक्की तबकडी कुठे मिळेल? म्हटलं, विकत कशाला आणतोस, घरातलं जुनं स्टीलचं ताट घे, चार भाग पाडून काळा-पांढरा रंग दे, मध्ये भोक पाडून दोरी बांध, खाली वजन लाव.

“ताटाला भोक पाडतो,” तो म्हणाला, “पण बायकोने विचारलं तर तुझा नंबर देणार.”